लाल पाटी आणि गार खीर

आमच्या घराचा जिना आजवर एकाही मेकॅनिकनं चढलेला नाही! हे वाक्य मी बदलापूरच्या कात्रपमध्ये भाजीच्या गाडीपासून सलूनच्या खुर्चीपर्यंत सगळीकडे ऐकवलेलं आहे. अंबरनाथच्या फॅक्टरीत मी फिटर. आमचे वडील, म्हणजे आण्णा, त्याच फॅक्टरीतून फिटर म्हणूनच रिटायर झाले. दोन पिढ्या पाना-पकड धरलेलं घर आहे हे! आमच्याकडे मेकॅनिक बोलवायचा म्हणजे हलवायानं शेजारून पेढे मागून आणायचे.

घरातली एकूण एक वस्तू माझ्या हाताखालून गेलेली आहे. मिक्सर मी दुरुस्त केला. तो आता एकाच स्पीडवर चालतो, पण त्या स्पीडला खोबऱ्याबरोबर करवंटीसुद्धा वाटून देईल! गीझर मी दुरुस्त केला, त्याचं बटण तेवढं आता बेडरूममध्ये आहे. आंघोळ करणाऱ्यानं आतून ओरडायचं, बाहेरचा कुणीतरी बंद करतो. आणि फ्रिज? फ्रिजला तर मी वेगळी लाइन ओढली आहे. खास! मेन दाराजवळच्या स्विचच्या डब्यातून थेट फ्रिजपर्यंत, मध्ये कुणाचा संबंध नाही. फ्रिजचा खटका वेगळा, बाकी घराचा वेगळा.

आता तुम्हाला पाटीबद्दल सांगायला हवं. फॅक्टरीत मशीन दुरुस्तीला घेतलं की आधी स्विच बंद करायचा आणि स्विचवर लाल पाटी अडकवायची, 'काम चालू आहे. स्विच लावू नये.' खाली आपलं नाव. दोघं काम करत असतील तर दोघांच्या दोन पाट्या. आणि नियम एकच! ज्यानं पाटी लावली त्यानंच काढायची. साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब येवो, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आत कुणाचा हात असेल, काय सांगावं? आण्णा रिटायर झाले तेव्हा बाकीचे लोक शाल आणि घड्याळ घेऊन घरी गेले, आण्णा हा नियम घेऊन आले. पत्र्याच्या दोन पाट्या त्यांनी स्वतः रंगवल्या, तारेच्या आकड्यासकट. एक त्यांची, एक माझी.

नवीन लग्न झालेलं असताना शीलानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, एकदा माझी पाटी बाजूला करून पंखा लावला होता. पंखा दुरुस्त झालेला होता, मी हात धुऊन चहा पीत होतो. तरी आण्णांनी तिला समोर बसवलं आणि बोटं गेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. कुणाचं बोट, कुठलं, कुठपर्यंत, सगळं तपशीलवार! बिचारी त्या दिवशी जेवली नाही. तेव्हापासून आमच्या घरात भिंत पडली तरी चालेल, पण पाटीला कुणी हात लावत नाही.

तर बुद्ध पौर्णिमा आली. आमच्या विहारात त्या दिवशी संध्याकाळी वंदना झाली की खीर वाटतात, आणि खीर म्हणजे बनूबाईंचीच, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. बनूबाई समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतात. खीर गोड, जीभ तिखट. यंदा महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये काय झालं कुणास ठाऊक, शीला उभी राहिली आणि म्हणाली, "एवढ्या उकाड्यात गरम खीर कोण पितं? अर्धे पेले तसेच पडून राहतात. यंदा मी करते. गार खीर!"

सगळ्या बायका बनूबाईंकडे बघायला लागल्या. बनूबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "कर की. गार कर. बघू."

तो 'बघू' शीलाला असा झोंबला की काही विचारू नका! त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. "अहो, खीर गार झाली नाही ना, तर मी विहारात पाऊल ठेवणार नाही," ती मला उठता-बसता सांगायची. "बनूबाई मला म्हातारी होईपर्यंत ऐकवतील."

"अगं, फ्रिजची लाइन कुणी ओढली आहे?" मी म्हणायचो.

"तीच काळजी आहे," ती म्हणायची.

पौर्णिमेला शीलानं अंधार असतानाच उठून खीर केली. काय वास सुटला होता! वेलची, केशर, चारोळ्या, सगळं सढळ हातानं. दोन मोठे डबे भरले. मी फ्रिजच्या मधल्या जाळ्या काढून जागा केली.

"जरा निवू दे हो," शीला म्हणाली. "वाफा येतायत अजून."

"निवायला तर फ्रिज घेतलाय! यंत्राला काम द्यायचं असतं," मी म्हटलं आणि दोन्ही डबे वाफांसकट आत कोंबले. दार बसेना, तर गुडघा लावून बसवलं. मग निर्धास्त मनानं पेपर वाचायला बसलो.

नाश्ता झाल्यावर स्वयंपाकघरातून हाक आली. "अहो! हे बघा जरा! दुधाची पिशवी कोमट लागतेय! लोणी वितळलंय! फ्रिज गार करत नाहीये हो!"

तिचा आवाज रडवेला झाला होता. माझ्या अंगात मात्र वीज संचारली! सुट्टीचा दिवस, हाताशी हत्यारं आणि समोर बिघडलेलं यंत्र. माणसाला आणखी काय हवं?

"कुणी घाबरायचं नाही," मी जाहीर केलं. "जेवणाच्या आधी फ्रिज सुरू. आणि तोपर्यंत दार कुणी उघडायचं नाही! आतला गारवा बाहेर जातो."

"आत गारवा आहे कुठे?" आमची लेक यशोधरा म्हणाली. ती कॉलेजात शिकते, त्यामुळे तिला सगळ्यात शंका असतात.

मी फ्रिजजवळचा स्विच बंद केला, त्यावर माझी पाटी अडकवली आणि हत्यारांची पिशवी उघडली. आण्णा पांढराशुभ्र सदरा घालून विहारात पताका लावायला निघाले होते. दारातच थांबले.

"पाटी लावलीस?"

"लावली, आण्णा."

"हत्यारं मोजून घेतलीस?"

"घेतली, आण्णा."

घेतली नव्हती. पण पन्नाशीला आलेल्या माणसानं किती वेळा खरं बोलायचं?

आण्णा पताकांची दोरी शोधायला आत वळले आणि मी फ्रिज भिंतीपासून ओढला. ओढताना त्याच्या मागचा पाण्याचा ट्रे माझ्या पायावर उपडा झाला आणि सगळ्या लादीवर पाणीच पाणी झालं. खाली यशोधराच्या लहानपणीची चप्पल, शीलाची हरवलेली सांडशी आणि टीव्हीचा जुना रिमोट निघाला. त्या रिमोटवरून मी एकदा केबलवाल्याशी भांडलो होतो. मागच्या जाळीवर तर धूळ अशी बसली होती की गोधडी शिवून निघाली असती!

"हे बघ कारण!" मी ओरडलो. "जाळीला श्वास घेता येत नाहीये!"

ब्रश सापडेना, म्हणून आण्णांचा दाढीचा ब्रश घेतला. हे आण्णांना कृपा करून कुणी सांगू नका. पाण्यात फतकल मारून मी फ्रिजच्या मागे शिरलो आणि जाळी चकाचक करून टाकली. बाहेर आलो तेव्हा माझा बनियन कोळशाच्या गोणीसारखा झाला होता. मग माझी पाटी मी स्वतःच्या हातानं, नियमाप्रमाणे काढली, आणि स्विच लावला.

काही नाही.

मघाशी फ्रिज निदान घरघरत तरी होता. आता आवाजच नाही! स्विच खालीवर केला, प्लग काढून घातला, फ्रिजला बाजूनं दोन थापा मारल्या. शांत!

"मघाशी गार करत नव्हता," यशोधरा म्हणाली, "अभी तो पूरा बंद हो गया, पप्पा."

"टेस्टर आण!"

टेस्टर प्लगच्या भोकात घातला. टेस्टरचा दिवाही लागला नाही.

"लाइटच येत नसेल," शीला म्हणाली.

"लाइट येत नाही कशी? पंखा फिरतोय तो कशावर? टेस्टर खराब झालाय," मी म्हटलं आणि तो बाजूला ठेवून दिला.

तेवढ्यात खालून हितेश आला. हितेश तळमजल्यावर राहतो. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्याच्या आजोबांची. पूर्वी तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुठे खिळा ठोकला तरी हितेशचं त्यावर मत असतं.

"काय झाला, दादूस? वरशी पानी टपाक टपाक परतंय माझे गॅलरीन!"

"फ्रिज बंद पडलाय रे. आत खीर आहे संध्याकाळची."

"हात्तिच्या! माझी बर्फाची पेटी हाय ना खाली, बर्फ भरलेली. ठेव त्यान खीर!"

शीलाचा चेहरा उजळला. ती हितेशबरोबर पेटी बघायला गेली आणि लगेच नाकाला पदर लावून परत आली. पेटीत आदल्या दिवसापर्यंत बोंबील होते. त्या पेटीतून निघालेली खीर बनूबाईंच्या हातात पडली असती म्हणजे शीलाला बदलापूर सोडून जायची वेळ आली असती!

"आता काय करायचं हो?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. "दुपार झाली की खीर आंबायला लागेल. माझं सोडा, पण एवढ्या लोकांनी काय खायचं?"

तिला असं बघून मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून यंत्र चालत नाही. मी यशोधराच्या मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ बघितले. एक माणूस छातीठोकपणे सांगत होता की फ्रिज एकदम मुका झाला तर रिले गेला असं समजावं. रिले म्हणजे कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा छोटासा पुरजा. आणि पुरजा म्हटला की उल्हासनगर!

"हितेश, गाडी काढ!"

"जरा पावडर लाव तोंडाला, दादूस. लोकं घाबरतील."

उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात, एका गल्लीत फ्रिजच्या पुरज्यांचीच दुकानं आहेत. ऊन असं तापलं होतं की हितेशच्या गाडीची सीट चटके देत होती. सिंधी दुकानदार काका पंख्याखाली पान लावत बसले होते.

"बोलो साईं."

मी फ्रिजची सगळी लक्षणं सांगितली. कुठून सुरुवात झाली, कसा आवाज बंद झाला, मी काय काय केलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लाइट तो आ रही है ना, प्लग में?"

मला रागच आला! "काका, मैं फॅक्टरी में फिटर हूँ। मेरा बाप भी फिटर था।"

"वो ठीक है साईं। पर लाइट?"

"आप रिले दो!"

काकांनी खांदे उडवले आणि रिले काढून दिला. त्याच्याबरोबर, असावा म्हणून, मी दाराचं रबर आणि गारवा कमी-जास्त करणारा एक थर्मोस्टॅटही घेतला. निघताना काका परत म्हणाले, "एक बार लाइट देख लेना।" काही लोकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायची सवय असते.

घरी आलो तर काय आश्चर्य! शीला शांत! सोफ्यावर बसून पांढऱ्या साडीला फॉल लावत होती. डोळ्यांत पाणी नाही, कपाळाला आठी नाही.

"रिले आणलाय," मी म्हटलं.

"बरं केलंत. आधी जेवून घ्या."

"अगं, पण खीर?"

"होईल हो सगळं व्यवस्थित. तुम्ही सावकाश करा."

बघा! बायकोचा विश्वास म्हणतात तो हा! मी गलबलूनच गेलो. दोन घास पोटात ढकलले, पुन्हा पाटी लावली आणि पुन्हा फ्रिजच्या मागे शिरलो. रिले बदलला. पाटी काढली, स्विच लावला. मुका! पाटी लावली, थर्मोस्टॅट बदलला, पाटी काढली. मुका! राहता राहिलं ते रबर. दाराच्या रबराचा आणि आवाजाचा काहीही संबंध नाही हे मलाही ठाऊक होतं. पण आणलंच होतं, म्हणून दार जेमतेम फटीएवढं उघडून बाहेरच्या बाहेर तेही बसवलं.

"दार नीट उघडून तरी बघा," यशोधरा म्हणाली.

"गारवा जातो!"

"कौनसा गारवा, पप्पा?"

ऊन कलायला लागलं. माझ्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या आणि आता मलाही धीर धरवत नव्हता. कॉम्प्रेसर गेला असं वाटायला लागलं होतं. म्हणजे शीलाची खीर गेली, बनूबाईंचा 'बघू' खरा झाला आणि आमच्या जिन्यावरून मेकॅनिक चढणार! मी लादीवर भिंतीला टेकून बसलो.

यशोधराला विहारात जायला तयार व्हायचं होतं, म्हणून तिनं मेन दार लोटलं. उकाड्यापायी दिवसभर ते सताड उघडं होतं. उघडं असलं की स्विचचा डबा दारामागे झाकला जातो. दार लागलं आणि यशोधराची किंकाळी ऐकू आली.

"पप्पाऽऽ! इकडे या!"

डब्यावर, फ्रिजच्या खास लाइनच्या खटक्यावर, लाल पाटी लटकत होती. 'काम चालू आहे. स्विच लावू नये.' खाली नाव, हरिचंद्र. म्हणजे आमचे आण्णा!

सगळा प्रकार डोळ्यांसमोर आला. सकाळी मी पाण्यात बसून फ्रिजच्या मागे हात घालत होतो, ते आण्णांनी जाता जाता बघितलं असणार. लेक पाण्यात बसलाय, भलतंसलतं व्हायला नको, म्हणून त्यांनी डब्यातला फ्रिजचा खटकाच खाली पाडला, नियमाप्रमाणे स्वतःची पाटी लावली आणि पताका लावायला निघून गेले.

"बस एवराच?" मागून हितेश म्हणाला आणि त्यानं खटक्याकडे हात नेला.

मी झेप घेऊन त्याचं मनगट धरलं! "हात लावू नको! पाटी आहे!"

"आरं दादूस, एक बटन हाय नुसता!"

"आण्णांची पाटी आहे. आण्णाच काढतील."

"पन आत कोनाचा हात हाय? तुझं दोनी हात तर माझे मनगटावं हायेत!"

बरोबर होतं त्याचं. पण काय करणार? लहानपणापासून जे अंगात भिनलंय ते एका बटणासाठी जात नाही. आण्णांना फोन लावला, तर तो आतल्या खोलीत चार्जिंगला वाजला. शेवटी तसाच काळा बनियन घालून हितेशच्या गाडीवर बसलो आणि विहार गाठला.

विहारासमोर लोक पांढऱ्या कपड्यांत जमायला लागले होते. आण्णा स्टुलावर उभे राहून पंचशीलाच्या पताकांची दोरी बांधत होते आणि खाली बनूबाई पेले पुसत होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला.

"जय भीम, सुदामभाऊ! हे काय, गिरणीतून आलात की काय?" त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. "आणि खीर? गार झाली का?"

"जय भीम! एकदम गार!" मी छाती काढून म्हटलं. "बर्फ झालाय नुसता! आमच्या फ्रिजला वेगळी लाइन आहे ना!"

"हो का? बरं बरं," बनूबाई म्हणाल्या आणि पुन्हा पेले पुसायला लागल्या. पदराआड हसल्यासारखं वाटलं मला, पण माझं लक्ष आण्णांकडे होतं.

"आण्णा, घरी चला. पाटी काढायची आहे."

"काम हातात आहे. अर्धं काम टाकून यायचं नसतं. ती दुसरी दोरी धर."

मी दोरी धरली. एक पताका झाली, दुसरी झाली, मग आण्णांना पहिली वाकडी वाटली. अख्खी आळी माझा काळा बनियन बघून गेली. शेवटी आण्णा खाली उतरले आणि आम्ही तिघं एका गाडीवर बसून घरी आलो.

डब्यासमोर उभं राहून आण्णांनी पाटीकडे हात नेला आणि तिथेच थांबवला.

"काम संपलं?"

"संपलं, आण्णा!"

"हत्यारं मोज."

"आण्णा, खीर आंबतेय हो!"

"सुदाम. हत्यारं मोज."

मोजली. पाने होते, पकड होती, पेचकस होते. टेस्टर नव्हता! आण्णांनी पाटीवरचा हात मागे घेतला आणि खुर्चीत बसले. हत्यार सापडेपर्यंत मशीन चालू करायचं नाही, हा दुसरा नियम. मग सुरू झाली शोधाशोध! ओट्याखाली बघितलं, जाळीमागे बघितलं, हितेशनं डब्यातले तांदूळ उपसले. शेवटी यशोधरा म्हणाली, "फ्रिजमध्ये असेल. तुम्ही आत ठेवला असणार."

"फ्रिज उघडायचा ना..." असं मी म्हणेपर्यंत तिनं दार सताड उघडलं होतं.

टेस्टर होता! रबर बसवताना फटीतून हात आत गेला असणार, दाराच्या वरच्या कप्प्यात दोन अंड्यांच्या मधोमध तो आडवा पडला होता. पण माझं त्याच्याकडे लक्षच गेलं नाही. कारण दूध आणि लोणी सोडलं तर फ्रिजमध्ये दुसरं काहीच नव्हतं. खीर नव्हती! दोन्ही डबे गायब! आणि घरात शीलाही नव्हती!

खीर नासली, तिनं ती कुठेतरी ओतून टाकली आणि बिचारी माहेरी अंबरनाथला निघून गेली, असंच मला वाटलं. आण्णांनी टेस्टर पिशवीत टाकला, शांतपणे उठून पाटी काढली आणि खटका वर केला. फ्रिज मस्त घरघरायला लागला. इतका रिकामा फ्रिज इतक्या जोरात चाललेला मी आजवर बघितलेला नाही.

आंघोळ करून, सफेद सदरा चढवून, जड पायानं विहारात गेलो. बघतो तर शीला समोरच! पांढऱ्या साडीत, हसत, हातात पळी! वंदना झाली, पेले फिरायला लागले. माझ्याही हातात एक आला. तोंडाला लावला आणि दातातून कळ गेली. गारेगार! असली खीर मी जन्मात प्यायलो नव्हतो. लोक दुसऱ्यांदा मागत होते, पोरं तिसऱ्यांदा रांगेत उभी राहत होती.

मला काही कळेना. पण कौतुक चाललेलं असताना कळायची वाट कोण बघतो? बाजूला उभ्या असलेल्या चार जणांना मी सांगायला सुरुवात केली. "त्याचं काय आहे, जाळी साफ लागते. रिले मी स्वतः बदलला. रबर नवीन. आणि मुख्य म्हणजे वेगळी लाइन! त्याशिवाय असा गारवा येणं शक्य नाही."

लोक माना डोलावत होते. आणखी दोघं-तिघं ऐकायला जवळ आले. एवढ्यात मंडळाच्या नरेंद्रनं माइक हातात घेतला. "यंदाच्या गार खिरीबद्दल आपण शीलाताई आणि बनूबाई या दोघींचे आभार मानू या! खीर शीलाताईंनी केली आणि दुपारपासून ती थंड झाली बनूबाईंच्या फ्रिजमध्ये!"

टाळ्या झाल्या. माझ्याभोवतीची माणसं एकेक करून खिरीच्या रांगेकडे सरकली.

बनूबाई जवळ आल्या. "सुदामभाऊ, माझी जाळी पण कधी साफ केलीत हो? कळलंच नाही मला!"

घरी येताना शीलानं सगळं सांगितलं. मी उल्हासनगरला गेलो, त्याच क्षणी तिनं डबे उचलले आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये नेले. ज्या बाईचा 'बघू' तिला आठवडाभर झोपू देत नव्हता, तिच्याच दारात जाऊन उभी राहिली.

"काय म्हणाल्या बनूबाई?"

"म्हणाल्या, खीर तुझी, फ्रिज माझा, नाव दोघींचं." शीलानं रिकाम्या डब्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "यंदा फक्त माझं नाव यायचं होतं हो. पहिल्यांदाच."

ती पिशवी मी तिच्या हातातून घेतली.

"आणि तुम्हाला एक सांगू?" ती पुढे म्हणाली. "बनूबाईंनी डब्याला हात लावला आणि पहिला प्रश्न विचारला, एवढी गरम खीर फ्रिजमध्ये ठेवायला कोण बोललं तुला? थंड पाण्याच्या परातीत डबे निववले, मग ठेवले त्यांनी. त्या म्हणाल्या, फ्रिजला काही झालेलंच नसेल, बिचारा वाफेनं दमला असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडला. बाटलीतलं पाणी दाताला लागेल इतकं गार होतं. शीलाचं लक्ष नाही असं बघून मी हळूच टेस्टर काढला आणि प्लगच्या भोकात घालून बघितला. त्याचा दिवा लख्ख लागला.

टेस्टर परत ठेवायला गेलो तर हत्यारांच्या पिशवीच्या बंदाला एक नवीकोरी लाल पाटी अडकवलेली होती. बिस्किटाच्या डब्याचं झाकण, वर यशोधराच्या नेलपॉलिशनं लिहिलेलं, 'काम बंद आहे. हात लावू नये.' खाली नाव, शीला.

मी आण्णांकडे गेलो. म्हटलं, तुम्ही तरी सांगा तिला. आण्णांनी चष्मा लावून पाटी उलटसुलट बघितली, तारेचा आकडा तपासला आणि म्हणाले, "चांगली केलीय. ज्यानं लावली त्यानंच काढायची."

ती अजून काढलेली नाही! परवा मिक्सर बंद पडला, तेव्हा आमच्या जिन्यावरून पहिल्यांदा मेकॅनिक वर आला. चांगला माणूस आहे. मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि फ्रिजमधलं पाणी दिलं. गार आहे म्हणाला.